बारा तिलाप्या आणि एक अपुरा रकाना

नमुना-पत्रकात एकूण नऊ रकाने होते. त्यांत चूक व्हायला कुठे जागाच नाही, असं ऋतिकाचं ठाम मत होतं.

रकाना १ : ठिकाण

कोन गावाबाहेरची पाणथळ. भातशेतांचं पाणी चरातून तिथे उतरतं आणि त्याबरोबर पिकावर फवारलेलं औषधही. ते माशांत किती उतरतं, मासे खाणाऱ्या बगळ्यांत किती, हे तपासायचं काम ऋतिका दोन वर्षं करत होती. आजचा नमुना शेवटचा. तो पाचच्या आत कल्याणच्या प्रयोगशाळेत पोचला तर तिची नेमणूक वाढणार. नाही पोचला तर दोन वर्षांचं काम लंगडं आणि ऋतिका घरी.

"डबा उचलायचा नि निघायचं, सर," ती प्रयोगशाळेतल्या सरांना फोनवर म्हणाली. "डोळे मिटून करीन."

रकाना ३ : जतन

बारा तिलाप्या, गावातल्या नवशाने काल जाळं टाकून धरलेल्या. काल प्रयोगशाळेला सुट्टी, म्हणून रात्रभर पाणथळीशेजारच्या शेतकऱ्याच्या, केसरीनाथकाकांच्या, फ्रीजरमध्ये. काकांची बायको, जिला सगळं गाव ताई म्हणतं, तिने त्यासाठी स्वतःची सुकी मासळी बाहेर काढली होती.

रकाना ४ : नमुन्यात काही बदल?

ऋतिकाने डबा उघडला. तिलाप्या नवरीसारख्या पिवळ्याधमक होत्या. खवलं गायब, पोटं चिरलेली, आतून लख्ख.

"ताई, हे काय झालं?"

"साफ केले गो. तशेच ठेवलंवतंस, घाण पोटात. हलद-मीठ पन लावलाय, वास न्हाय येनार."

"आतलं काळीज कुठेय?"

"टाकला ना मागं. बगल्यांनी खाल्ला."

औषध साठतं ते नेमकं त्या काळजात. नमुना आता बगळ्यांच्या पोटात होता, म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने पुढच्या पायरीवर गेला होता, पण बगळे काही पाचच्या आत कल्याणला जाणार नव्हते.

ऋतिका ओट्याला टेकून खालीच बसली. सगळं ऐकल्यावर ताईही तिच्या शेजारी बसली. "माझ्यामुलं पोरीची नोकरी जानार," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

रकाना ४, पुरवणी (जागा कमी पडल्यास)

कमी पडली.

नवशा सकाळच्या एसटीने गणेशपुरीला, बहिणीकडे. जाळं टाकता येणारा दुसरा माणूस घरात एकच : केसरीनाथकाका. काका झोपाळ्यावर.

"कल्यानच्या बाजारात ढीग हाय तिलापीचा. आन बारा."

"काका, त्याच पाण्यातले हवेत."

"त्या पान्यात चर कोनाचा येतो?"

"तुमचा."

"मंग माशात औषध गावला तर बोट कोनाकडं?"

ऋतिकाला खोटं बोलता आलं असतं. "तुमच्याकडे," ती म्हणाली.

झोपाळा थांबला. ताईने साडी खोचली, खुंटीवरचं जाळं ओढलं आणि दाराकडे निघाली.

"कुठं चाललीस? तुला पवता येत न्हाय."

"गुडघाभर पानी हाय."

"तरी पन," असं म्हणून काका उठले.

रकाना ५ : पद्धत

पहिल्या फेकीत राहनाळच्या गोदामांकडून वाहत आलेलं बुडबुड्यांचं प्लास्टिक. दुसऱ्या फेकीत एक चप्पल.

"डावी हाय," काका म्हणाले. "उजवी गावली की निघू."

"तुमच्यानी व्हत नसल तर सांगा," बांधावरून ताई.

तिसऱ्या फेकीत चार तिलाप्या आल्या. ऋतिका बादली घेऊन धावली आणि चिखलात आडवी झाली, पण बादली तिने समईसारखी उभी धरली होती. सहा. नऊ. अकरा. बारावी येईना. साडेतीन वाजले. काका कमरेपर्यंत भिजलेले, ज्या शेताकडे बोट दाखवलं जाणार त्याच शेताच्या चराच्या तोंडाशी उभे. तिथेच बारावी मिळाली, सगळ्यांत मोठी.

मग ताईचा जांभळ्या फुलांचा गाऊन घालून, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ऋतिका काकांच्या मोटरसायकलवर कल्याणला निघाली. सबंध वाट काका एकच वाक्य बोलले : "घट्ट धर गो, मला न्हाय, डब्याला."

रकाना ९ : नमुना घेणाऱ्याचे नाव

पाचला चार मिनिटं कमी. सरांनी मासे मोजले, मग गाऊनकडे पाहिलं, मग पत्रकाकडे. एका ओळीच्या रकान्यात बारीक अक्षरांत केसरीनाथ, मग ताई, मग समासात आडवी ऋतिका.

"केसरीनाथ म्हणजे ज्यांचा चर तेच?"

"हो."

"स्वतःच्या शेताविरुद्धचे मासे स्वतः धरून दिले?"

"हो, सर. खाली रस्त्यावर उभे आहेत. अजून ओलेच आहेत."

सरांनी खिडकीतून वाकून पाहिलं.

"नेमणूक वाढतेय," ते म्हणाले. ऋतिकाचा जीव भांड्यात पडला. "फक्त तुझी वाढवायची की यांची, ते बघावं लागेल."

ऋतिकाने विचार केला. तिला स्वतःच्या बाजूने एकही मुद्दा सुचला नाही.