चिवटरावांच्या शेपटीचा टिळा

एका जंगलात, मुलांनो, सशांचं राज्य होतं. राज्याभोवती मातीची भिंत होती. भिंतीच्या भोकांत घोरपडी घट्ट रुतून बसत. तोंड बाहेर, शेपटी आत. बाहेरची खबर आत पोचवायची, हे या घराण्याचं काम. आपल्या अंगातल्या पेशींच्या भिंतीवरही असंच एक घराणं बसलेलं असतं. शास्त्रज्ञ त्याला 'रिसेप्टर टायरोसिन कायनेज' म्हणतात. मला ते एका दमात म्हणता येत नाही, म्हणून आपली घोरपड बरी.

रीत अशी होती. बाहेर चारा माजला की बुलबुल यायचा आणि शेजारच्या दोन घोरपडींना एकेक करवंद भरवायचा. मग त्या दोघी एकमेकींना टेकायच्या आणि एकमेकींच्या शेपटीला गेरूचा टिळा लावायच्या. स्वतःचा टिळा स्वतः लावायचा नाही, हा नियम. टिळा दिसला की खार पळत जाऊन राणीला सांगायची. राणी हुकूम सोडायची, "बिळं वाढवा!"

एका उन्हाळ्यात बुलबुल फिरकलाच नाही. चिवटराव नावाच्या घोरपडीची शेपटी कोरी पडली. त्यांना अन्न गोड लागेना. बिनटिळ्याच्या शेपटीला कोण विचारतो?

"निबरराव," ते शेजाऱ्याला म्हणाले, "करवंद नसलं म्हणून माणसानं टेकूच नये का?"

"टेकावं की! भिंत आपली, गेरू आपला."

दोघे टेकले आणि एकमेकांच्या शेपटीला टिळा लावला. अहो रूपम्, अहो ध्वनिः! खार पळाली. आत खणाखणी सुरू झाली.

तो आवाज चिवटरावांच्या कानी आला. "राव, बाहेर नक्की काहीतरी मोठं घडलंय. उगीच का एवढी बिळं खणतायत?"

"मग टिळा हवाच!"

मुलांनो, तोंड त्यांचंच बाहेर होतं. समोर वाळकं माळरान दिसत होतं. पण कौतुकाच्या टिळ्यापुढे माळरान कोण बघतो? रोज टिळा, रोज बिळं. शेवटी बिळं भिंतीखाली शिरली, भिंत ढासळली आणि चिवटराव तोंडघशी आत पडले.

खणून खणून आत गवताची काडी उरली नव्हती. सशाचं एक पिल्लू माती चघळत होतं.

"अरे, एवढं खणायला सांगितलं कुणी?"

"तुमच्या शेपटीनं," खार म्हणाली.

चिवटरावांनी जन्मात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. टिळ्यावर टिळा, टिळ्यावर टिळा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग स्वतःचंच हसू आलं. "जगाची खबर देत होतो, आणि माझ्याच शेपटीची खबर मला नव्हती!"

त्यांनी शेपटी वाळूत घासून लख्ख केली. निबररावांनाही घासायला लावली. खणणं थांबलं. पाऊसपाण्यानंतर गवत उगवलं आणि पिल्लू टुणटुण उड्या मारू लागलं.

मग एके सकाळी खार द्रोणात गेरू घेऊन आली. "राव, टिळा पुसल्याबद्दल तुम्हाला टिळा लावायचं ठरलंय."

"छे छे, कशाला उगीच," चिवटराव म्हणाले, आणि त्यांनी शेपटी पुढे केली.

तात्पर्य : शेपटी नेहमी घासूनपुसून स्वच्छ ठेवावी. पुढच्या टिळ्याला जागा लागते.