गुणवंतभाऊंची रास

मलकापुरात सरकी-ढेपेच्या दुकानात बसून समुद्रातला मासा ओळखणारा माणूस एकच, आमचे शेजारी गुणवंतभाऊ. गिऱ्हाईक ढेपेचा भाव विचारतं, तेव्हा हे भिंग घेऊन मोबाइलातल्या माशाच्या शेपटीत घुसलेले असतात.

मासा बोटभर, किनाऱ्यावरच्या खडकांत राहणारा. इंग्रजीत त्याला रॅस म्हणतात. आमच्या बाजारात त्याची रास झाली. भाऊ रास बघतात म्हटल्यावर लोक मुलींच्या पत्रिका घेऊन यायला लागले. भाऊ कुणाला परत पाठवत नाहीत. पत्रिका बाजूला ठेवतात, मासा दाखवतात आणि सांगतात, "पहिले याचे ओठ पाहा. जाड आहेत का नाही?"

खरं सांगतो, मी या माणसावर जळतो. तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. माझ्याकडे कुणी साधी पत्रिकासुद्धा आणली नाही.

एकदा त्यांनी दोन फोटो पुढे केले, एक मातकट मासा, एक हिरवानिळा. मी ऐटीत सांगितलं की या दोन वेगळ्या जाती.

"एकच हाय सर," भाऊ म्हणाले. "ही मादी, हा नर. यायच्यात मोठी झाली का मादीचाच नर होते."

घरी येऊन पुस्तक काढलं. बरोबर होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

फोटो पाठवते त्यांची मुलगी वैशाली. ती रत्नागिरीकडे नोकरीला आहे. माशाची नेमकी जात विचारायला रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि भाऊंचं ठरलेलं उत्तर जातं, "शेपटीजवळचा ठिपका नीट दिसून नाही राह्यला. उद्या पुन्हा काढ." दोन वर्षं हेच चाललंय. म्हटलं, आता यांची जिरवायची. महिनाभर पुस्तकं चाळून मी त्या माशाची नेमकी जात शोधली आणि फोनच्या वेळेला दुकानात जाऊन बसलो. वैशालीला मीच सांगणार होतो.

पण राहवलं नाही, फोन यायच्या आधीच भाऊंना नाव सांगून टाकलं. त्यांनी हिशेबाच्या वहीचं पहिलं पान उघडलं. तेच नाव, शाई फिकी पडलेली.

"पहिल्याच महिन्यात समजलं होतं, सर," ते हळूच म्हणाले. "तिले सांगू नका. मासा ओळखला का मंग रोज काऊन फोन करीन ते?"

तेवढ्यात फोन वाजला. मी भिंग डोळ्याला लावलं आणि तिला ऐकू जाईल असं म्हणालो, की मलाही ठिपका दिसत नाही.

त्या दिवसापासून तर मी जास्तच जळतो. माझा मुलगा पुण्याला असतो. तिथे समुद्र नाही.