धक्का न लागणारी मोटार

वामनराव मास्तर मोटारी तपासत नव्हते, मोटारींची परीक्षा घेत होते. हात मागे बांधून भोवती एक फेरी मारायची, समोर येऊन दिव्यांत रोखून पाहायचं आणि मान हलवून म्हणायचं, "नापास!" निवृत्त झाले तरी मुख्याध्यापकपण अंगातून गेलं नव्हतं. वडशाच्या गिरणीवाल्याची मोटार नापास झाली, कारण तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि मालक म्हणत होता, "पिल्लं निघू द्या जी, मंग न्या." एका ठेकेदाराची नापास झाली, कारण तिचं दार सुतळीनं बांधलेलं होतं. आणि गंमत म्हणजे मास्तरांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. त्यांची सारी नोकरी सायकलवर झाली होती.

मोटार हवी होती कांताला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला. पोरगी नागपूरहून डॉक्टर होऊन आली होती, येताना मोटार चालवायचं लायसनही घेऊन आली होती. गडचिरोलीचा नवा जिल्हा झाला होता, पण डॉक्टर काही जंगलात उगवले नव्हते. तिनं चामोर्शीला दवाखान्यासाठी दोन खोल्याही पाहून ठेवल्या होत्या. तिथून आसपासच्या गावांत जायचं, बाजाराच्या दिवशी तिथंच बसायचं, असे तिचे बेत. ऐकून मास्तरांनी लगेच अट घातली.

"जंगलाचा रस्ता हाये," ते म्हणाले. "गाडी बंद पडली तं एकटी पोरगी काय करन? मोटार अशी पायजे का तिले धक्काच माराव लागला नाई पायजे. तशी भेटली तं चामोर्शी. नाई भेटली तं नागपूर, मामाचा दवाखाना."

"बाबा, नवी मोटारबी बंद पडते!"

"नवीचा प्रश्न पेपरात नाई."

मामाचा दवाखाना म्हणजे मामानं तपासायचं आणि भाचीनं पट्ट्या बांधायच्या. कांताची झोप उडाली होती. आणि अशात खबर आली, की दादाजी मोटार विकून राह्यले.

दादाजींची नाटकमंडळी सगळ्या झाडीपट्टीत ठाऊक होती. गुडघे गेले म्हणून त्यांनी यंदा मंडळी मोडली. उरली ती जाहिरातीची मोटार. तिच्या एका दारावर हातात सुरी घेतलेली बाई, दुसऱ्या दारावर लाल डोळ्यांचा, झुपकेदार मिशांचा खलनायक, टपावर भोंगा आणि पुढे बॉनेटवर ठसठशीत अक्षरं: 'कुंकवाला लागली वाळवी! तीन अंकी कौटुंबिक खळबळ!'

"दादाजी, ही मोटार हाये का चावडीची भिंत?" मास्तर म्हणाले.

"रंगाकडे नोका पाहू जी, इंजिनाचा आवाज ऐका. नट पिऊन पडले, नटी पळून गेली, पण मोटार कधी उशिरा गेली नाई."

कांतानं किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात बोलायला लागलं. तिचं काळीजही त्याच्यासोबत धडधडायला लागलं. तिची आई रुखमाबाई सुरीवाल्या बाईवरून हात फिरवून म्हणाली, "नाक भल्ला मस्त काढलं वं हिचं!"

"थांबा," मास्तर म्हणाले. "आरमोरीपर्यंत जाऊन वापस. रस्त्यात एक जरी धक्का लागला, तं नापास."

निघताना दादाजींनी कांताला हळूच सांगितलं, "गावाजवळ हॉर्न नोको वाजवू, बेटी."

"काऊन? खराब हाये का?" मास्तरांनी लगेच पकडलं.

"खराब नाई जी. लयच चांगला हाये."

मोटार पळाली ती काय पळाली! धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडलेल्या, रस्ता रिकामा. कांता मोठ्यानं गाणं म्हणत होती. मास्तर पाय रोवून, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे अशा थाटात बसले होते. पण खरं सांगायचं तर त्यांनाही मजा येत होती. पळसटोला गावाच्या वळणावर येईपर्यंत आली.

"वळण हाये. हॉर्न दे!"

"दादाजीनं नाई म्हटलं ना, बाबा."

"दादाजी मोठा का नियम मोठा?" असं म्हणून मास्तरांनी हात लांबवला आणि स्वतःच हॉर्न दाबला.

पाँ पाँ पोंऽऽ, पँ पँ पोंऽऽ! तो हॉर्न नव्हताच मुळी, ती नाटकाची दवंडी होती. खळ्यांवरची मळणी थांबली. बैल उभे राहिले. घराघरांतून पोट्टे उसळले. "नाटक आलं! नाटक आलं!"

पोरं थेट चाकांपुढे आली. कांतानं कचकन ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. तिनं किल्ली फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. खर्र. मग तेवढंही नाही.

तोवर अख्खं गाव जमलं होतं. सर्वांत पुढे लहानू, गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचा म्होरक्या. त्यानं आधी दारावरचं चित्र पाहिलं, मग आतल्या मास्तरांच्या मिशा पाहिल्या आणि हात जोडले. "या या! खलनायक सोता आले गा!"

"मी खलनायक नाही!" मास्तर गरजले. रागावले की ते पुस्तकी मराठीत शिरत. "मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय आवाज हाये बाप्पा! माईकचं कामच नाई!"

म्हातारी ठमाबाई कांताच्या खिडकीत डोकावली. "अन् हे हिरोईन. हाडकुळी हाये, पण रडत असन बराबर."

आता नाटक म्हटलं की लेकी-जावयांना सांगावा धाडायलाच हवा. लहानूनं दोन सायकली दोन दिशांना पिटाळल्यासुद्धा. कुणी कोंबड्यामागं धावलं, कुणी मांडवाला बांबू आणायला गेलं. "अहो, नाटक नाही!" मास्तर ओरडत होते. जितके ओरडत होते तितके लोक खूश होत होते.

"गाडी मैदानात घ्या रे!" लहानूनं हुकूम सोडला.

"धक्का नका मारू! परीक्षा सुरू आहे!" मास्तरांचा आवाज फाटला. पण ऐकतो कोण? मोटार वाजतगाजत मैदानात गेली. नवरदेवाला घोड्यावर नेतात तसे मास्तर आत बसून गेले.

मोटार थांबली. मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "नापास." कांताच्या डोळ्यांपुढून चामोर्शीच्या दोन्ही खोल्या सरकन गेल्या. तिनं तोंड फिरवलं आणि तिला रडूच कोसळलं.

"पाहा!" ठमाबाई कौतुकानं म्हणाली. "म्हटलं नव्हतं? काय मस्त रडते!" आणि बोलता बोलता तिला खोकल्याची अशी उबळ आली की ती खालीच बसली.

कांतानं डोळे पुसले. मागून आपली बॅग ओढून घेतली आणि उतरून म्हातारीच्या पाठीला नळी लावली. "आजी, लंबा सास घे."

"डॉक्टरणीचं सोंग हुबेहूब करते!" लोक म्हणाले. पण तिनं गोळ्या काढून हातावर ठेवल्या, तेव्हा ठमाबाईनं एक चाटून पाहिली. तिचं तोंड वाकडं झालं. "अवं माय! गोळी खरीच हाये!"

मैदानातली गर्दी कांताभोवती सरकली. मग एका बाईनं कडेवरचं तापलेलं लेकरू पुढे केलं. एकानं चिघळलेला पाय दाखवला. बघता बघता रेटारेटी सुरू झाली आणि मास्तरांना राहवलं नाही. "रांग! रांग मोडायची नाही! पुढचा या!" तो आवाज ऐकून सारं गाव शाळेच्या पोरांसारखं ओळीत उभं राहिलं. मास्तर हातावर पाणी घालत होते, लेक जखमा धूत होती आणि ते तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. आपली पोरगी डॉक्टर आहे हे त्यांनी आजवर ऐकलं होतं, पाहिलं आज.

रांग सरली तसा लहानू डोकं खाजवत आला. "नाटक नाई ते समजलं जी. पण जावई येऊन राह्यले, त्याईले काय सांगू?"

"खोकला असन तं घेऊन ये म्हणा," कांता म्हणाली.

मग साऱ्या गावानं जल्लोष करत धक्का मारला. मोटार दोन हिसके देऊन सुरू झाली आणि पोरं वेशीपर्यंत मागं धावली. मास्तर घरापर्यंत पाय रोवूनच बसले.

दारातच रुखमाबाईनं विचारलं, "अवो, धक्का माराव लागला का?"

कांतानं श्वास रोखला. मास्तरांनी सावकाश बूट काढले. "मले नाई माराव लागला," ते म्हणाले. "पास."

कांतानं त्यांना अशी मिठी मारली की त्यांची टोपी पडली.

इथवर सारं ठीक झालं होतं. पण शहाणपण मास्तरांना स्वस्थ बसू देईना. डॉक्टरची मोटार डॉक्टरसारखी दिसली पाहिजे! त्यांनी भोंगा उतरवला, हॉर्न बदलला आणि मोटार पांढरीशुभ्र करून घेतली. सामानसुमान लादून तिघं चामोर्शीला निघाले आणि गडचिरोली मागं पडल्यावर एका गावापाशी मोटार नेमकी बंद पडली.

"घाबरू नोको," मास्तर ऐटीत म्हणाले. "आता येतीन लोकं."

पोट्टे आले. पांढरी मोटार पाहून थबकले. "सुईवाले आले रेऽऽ!" एक जण किंचाळला आणि क्षणात सगळे पसार झाले. घरांची दारं लागली. एक बैलगाडीवाला जवळून गेला. "सरकारी दिसते," असं पुटपुटला आणि त्यानं बैलांची शेपटं पिरगाळली.

शेवटी मास्तरांनी कोट काढला. रुखमाबाईनं पदर खोचला.

"जोर लावा ना!"

"लावूनच राह्यलो वं!"

चामोर्शीला पोचल्यावर मास्तरांनी पाणीसुद्धा आधी मागितलं नाही. आधी विचारलं, "इथी पेंटर कुठी राह्यते?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी चामोर्शीत एक मोटार शिरली. दारावर सुरीवाली बाई होती, नाकासह. दुसऱ्या दारावर खलनायक होता, फक्त यावेळी त्याच्या मिशा कुणातरी ओळखीच्या माणसाच्या वाटत होत्या. टपावर भोंगा होता, जुना हॉर्नही परत बसला होता आणि आत माईक धरून मास्तर घसा खाकरत होते.

"आज! आज! आज! डॉक्टर कांताबाईंचा दवाखाना! खोकला, खरूज, हिवताप! या, आणि रांगेत या!"

"खलनायक आला! खलनायक आला!" पोट्टे धावत सुटले. मास्तरांनी माईक खाली घेतला. कांताला वाटलं, आता गरजतात.

मास्तरांनी मिशीला पीळ भरला.

"वळण हाये, बेटी," ते म्हणाले. "हॉर्न दे."