वल्ह्याचं माहेरपण

"तुमचं जातं खुशाल आहे. मंगळवारी पुसलं. काळजी नसावी."

असं पोस्टकार्ड एखाद्या घरी आलं, की समजायचं, परबने पाठवलंय.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. अंधेरीत आमच्या वाचनालयाच्या वर एका खोलीत छोटं संग्रहालय होतं. आसपासच्या गावठाणांतल्या लोकांनी दिलेली जाती, घागरी, होड्यांचं सामान. परब तिथला कारकून, मी खाली वाचनालयात. वस्तू देणाऱ्या प्रत्येकाला तो दर दिवाळीला तिची खुशाली कळवायचा. "ह्या लोकांचा आसा, आपण फक्त राखणदार," हे त्याचं मालवणी पालुपद. खोलीत शिरताना तो सगळ्यांना पायताण काढायला लावायचा, साहेबांनासुद्धा. साहेबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे, हे साऱ्या ऑफिसला त्यामुळेच कळलं.

एका श्रावणात वर्सोव्याहून जानकीबाई आल्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचं वल्हं संग्रहालयाला दिलं होतं. मासळीची टोपली जिन्यात ठेवून त्या म्हणाल्या, "नारली पुनवेला मना वल्हा पायजे. एक दिस. पोरगा नवी होडी दर्यात घालतंय. बापाचा वल्हा नको?"

परबने अर्ज केला. साहेबांनी शेरा मारला : नोंद झालेली वस्तू बाहेर नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी परबने तोच अर्ज पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी साहेबांनी त्याला आत बोलावलं. मी दारातच होतो.

"परब, वल्हं हरवलं तर?"

"मी भरून देईन."

"मोडलं तर?"

"तरी मीच. साहेब, दिलेली लेकसुद्धा सणाला माहेरी जाते. सासरच्यांनी अडवून कसं चालेल?"

साहेबांनी अर्ज पुढ्यात ओढला. मग त्यांनी सही केली.

पुनवेच्या सकाळी दहा फुटी वल्हं कंडक्टरने बसमध्ये घेतलं नाही. "चल, चालत," परब म्हणाला. पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं माझ्या. तो वळला की मी एखाद्या केळीवाल्याच्या गाडीवर जायचो. "लोकांचा आसा, सांभाळ," तो मागे न बघता म्हणायचा. माझ्या खांद्याची चौकशी नाही.

वर्सोव्याला जानकीबाईंनी वल्ह्याला हळदकुंकू लावलं. मुठीपाशी लाकूड झिजलं होतं, तिथे त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मुलाने दर्याला नारळ दिला, वल्हं घेतलं आणि होडी सरळ पाण्यात घातली. परवानगीत पाण्याचा उल्लेख नव्हता. परबने डोळे मिटून घेतले, ते होडी परत येईपर्यंत.

जानकीबाईंनी वल्हं पदराने कोरडं केलं आणि आमच्या हवाली केलं. "न्या आता. इथं मी एकलीच बघतंय. तिथं सगली बघतान."

परत येताना परबने एकदाही "सांभाळ" म्हटलं नाही. हे नवलच. न राहवून मी विचारलं, "तू तुझ्या घरचं काहीच ठेवलं नाहीस रे तिथे?"

"आई गेली तेव्हा रजा मिळाली नाही," तो म्हणाला. "गावी पोचलो, तोवर भावाने घर आवरलं होतं. तिचा पाट, विळी, तांब्या, सगळं भंगारात. मी विचारलं, काहीच कसं ठेवलं नाहीस? तर म्हणाला, तू मागितलं कुठे होतंस."

थोडं चालल्यावर त्याने वल्हं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"पाय उचल," म्हणाला. "खोली उघडी ठेवून शिपाई सहापर्यंतच थांबणार आहे."