रोडग्यांचं इंजिन

एखादी गोष्ट कशी चालते हे कळलं नाही, की नत्थुजींना घास गोड लागत नसे. वलगावच्या कडेला मुंबईच्या एका शेठनं सरकी काढायचं वाफेचं इंजिन आणून बसवलं, तेव्हापासून तर त्यांचं जेवणच तुटलं होतं. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला, गावभर कापसाचे ढीग, आणि इंजिन आपलं गप्प! अकोल्याहून निघालेल्या कोळशाच्या गाड्या वाटेत कुठं राहिल्या, कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी त्यांच्या पत्नी पार्वताबाई वांगी तोडायला वाडीत गेल्या. संध्याकाळी मारोतीपुढे गावजेवण होतं. पावसाळ्यात नत्थुजी तापानं फणफणले, तेव्हा बाईंनी रोडग्यांचा नवस बोलला होता. कणकेचे ते गोळे भाजायचे ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात. म्हणून सगळी थंडी गोवऱ्या थापून त्यांनी अंगणात मोठा ढीग रचला होता.

बाईंची पाठ वळली आणि नत्थुजी टोपली घेऊन इंजिनापाशी हजर झाले.

"मिस्तरी, कोळशाची काय अन् गवरीची काय, आग ते आग! पाणी उकयते ना?"

इनायतुल्ला मिस्तरी बसून बसून कंटाळला होता. "उकयंल भाऊ. पन इंजिन फिरंल का, हे मले बी पाहाचं हाय."

"मंग एकच टोपली टाकून पाहू."

एका टोपलीनं बॉयलर नुसता कोमट झाला. आता सोडून द्यावं तर ती टोपली वाया! म्हणून दुसरी टाकली. वाफेच्या दाबाचा काटा जरासा हलला. हललेला काटा अर्ध्यात सोडणं दोघांच्याही जिवावर आलं आणि नत्थुजींनी सरळ बैलगाडी जुंपली. दुपारी चाक कण्हलं, फिरलं, सरकी निघालेली चार मुठी रुई बाहेर आली आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तेवढ्यात गोवऱ्या संपल्या आणि चाक थांबलं.

पार्वताबाई परतल्या तर अंगण मोकळं.

"अवो, गवऱ्या कुठी गेल्या?"

"इंजिन फिरलं ना!" नत्थुजी आनंदानं म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांना मागाहून कळलं.

"मी काय इचारून राहिली? ज्याच्यासाठी नवस केला, त्यानंच इस्तवात घातला! आता मारोतीले काय दाखवू?" बाईंचे डोळे भरून आले. नत्थुजींना तो तापच बरा होता असं वाटलं.

उसन्या गोवऱ्या तरी कुठून आणणार? यंदा घरोघरच्या बाया कापूस वेचायला जात होत्या. शेणात हात घालायला सवड कोणाला? बाई तरातरा मिस्तरीकडे गेल्या.

"कुठी हाय माहा ढीग?"

घाबरून मिस्तरीनं भट्टीचं दारच उघडून दाखवलं. आत लालबुंद निखाऱ्यांची गादी पसरली होती. बाईंचा राग तोंडातच राहिला.

"इतका इस्तो! किती येळ टिकते?"

"दार बंद ठेवलं त लय येळ, भाबी."

"मंग काढा भायेर! अन् तुमी पाहत काय उभे राहिले? कणीक आना!"

निखारे ओढून आवारात पसरले, त्यात रोडगे पुरले. नत्थुजी घामाघूम होऊन ते फिरवत बसले. बाई मात्र इंजिनाभोवती फिरत होत्या.

"हा काटा कायचा? वाफ जाते कुठी? अन् हे साखळी वढली त?"

मिस्तरी सांगेपर्यंत त्यांनी ओढलीसुद्धा. उरलीसुरली वाफ शिटीतून अशी किंचाळली, की पंगतीचं बोलावणं समजून अख्खं वलगाव पळत आलं. मारोतीला नैवेद्य गेला, गाव तृप्त झालं, आणि बाई चाकाकडे पाहत जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन निघाल्या.

"कुठी चालली?"

"कापसाच्या झाडानं कापसाचं इंजिन फिरते का, पाहून येतो."

"अवं थांब, मी बी येतो!" नत्थुजी शेणानं माखलेले हात घेऊन उठले.

"बसा!" बाई म्हणाल्या. "पयले माहा ढीग होऊ द्या."