कादरभाईचं जपान

आमच्या उस्मानपुऱ्यात कादरभाई म्हणून एक माणूस आहे. हा माणूस केळं खाल्लं की साल खिशात घालतो. खिशाला आतून प्लॅस्टिकची पिशवी शिवून घेतली आहे, खास त्यासाठी. विचारलं तर म्हणतो, "सांडूभाऊ, जपान में रस्ते पे कचरे का डब्बा नै रैता. अपना कचरा अपने घर."

मी म्हणालो, "इथं बी डबा नाय. पण आपण जपानात नाय, उस्मानपुऱ्यात हाय."

तर नुसता हसतो. मला त्या हसण्याचाच राग येतो.

कादरभाई जन्मात कधी जपानला गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यानं उभा जन्म टुरिस्टची गाडी चालवली. लेण्यांतला बुद्ध बघायला जपानहून माणसं यायची. त्यांना विमानतळावरून घ्यायचं, अजिंठ्याला न्यायचं, परत आणून सोडायचं. त्या जाण्यायेण्यात एकेकाला विचारून विचारून यानं जपान पाठ केलं आणि उर्दूत एका वहीत उतरवलं. मी चौथी शिकलो, हा पाचवी. त्या एका यत्तेचा त्याला लई ताठा.

गल्लीत कुणी चालता चालता भजे खाल्ले की हा आडवा. "खडे रैके खाव! चलते चलते खाना बदतमीजी है." शेअर रिक्षात कुणी फोनवर मोठ्यानं बोललं की ह्याचं बोट तोंडावर. दिवाळीच्या तोंडावर गुलमंडीत ह्याला रांग पाहिजे. गुलमंडीत रांग! एकदा एका बाईनं ह्याला पिशवीनं ढकललं, तर हाच तिला वाकून माफी मागतो. असल्या माणसाबरोबर बाजारात जायची लाज वाटते.

मागच्या वर्षी माझ्या पोरानं, दिलीपनं, मला ओसाकाला बोलावलं. तिथं तो कारखान्यात आहे. झालं, कादरभाईच्या अंगात आलं. रोज सकाळी माझ्या दारात हजर.

"मोजे दिखाव."

दाखवले. अंगठा बाहेर आलेला बघून त्यानं कपाळाला हात लावला. "घर में, मंदिर में, जूते उतारना पडता. तुम्हारी इज्जत अंगूठे में है, सांडूभाऊ!"

संडासाच्या चपला वेगळ्या, त्या घालून खोलीत यायचं नाही. भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते मयताचं. आगगाडीत गप बसायचं. स्टेशनाला दहा दारं असतात, निघायच्या आधी आपल्या दाराचा नंबर विचारून ठेवायचा. हॉटेलात बक्षीस ठेवायचं नाही.

"माझी खुशी, मी ठेवीन," मी म्हणालो.

"नक्को! पीछे भाग के वापस देते."

वर आठ दिवस मला मॉलमध्ये नेऊन सरकत्या जिन्यावर उभं केलं. "बाएँ खडे रैना. दाएँ बाजू जल्दीवालों की." पंक्चरच्या दुकानात हयात घालवलेला माणूस मी, पोरासोरांच्या देखत डावीकडं अंग चोरून वर आणि खाली, वर आणि खाली. वॉचमन आम्हाला बघून तोंड फिरवून हसायचा.

गेलो. बाकी सगळं खरं निघालं, हे लिहायला हात जड होतोय. बक्षीस मी मुद्दाम ठेवलं. हॉटेलवाली म्हातारी दोन गल्ल्या पळत आली आणि वाकून परत देऊन गेली.

पण तिथल्या स्टेशनात सरकता जिना आला. मी छाती काढून डावीकडं उभा राहिलो, शिकवल्याप्रमाणं. बघतो तर अख्खं ओसाका उजवीकडं! माझ्या मागं माणसं तटली. कुणी शिवी दिली असती तर मी बी दिली असती, मामला मिटला असता. पण एकबी जण तोंड उघडंना. खाली माना घालून माझ्या मागं उभे. वरून दिलीप ओरडला, "आबा, उजवीकडं! डावं ते टोकियोत!"

पोरासमोर माझी मान कधी खाली गेली नव्हती. ती त्या जिन्यावर गेली.

विमानात शिव्या जुळवत आलो. घरी बॅग टाकली आणि तसाच कादरभाईच्या घरात घुसलो. "कादरभाई, तुमचं जपान खोटं! सगळं ओसाका उजवीकडं उभं राहतंय!"

तो उठून उभा राहिला. "दाएँ?"

"व्हय, दाएँ!"

"ओसाका में दाएँ," असं पुटपुटत त्यानं पेटीतून वही काढली, चष्मा लावला आणि एक ओळ खोडली. वहीतून पासपोर्ट खाली पडला. मी उचलून चाळला. एकाही पानावर शिक्का नाही.

"तीसरा है," तो म्हणाला. "मुद्दत खतम हुई की नया बनाता."

वहीच्या मागं रबर लावून कार्डांचा गठ्ठा होता. विमानतळावर सोडताना प्रत्येक जपानी पाहुण्यानं दोन्ही हातांनी दिलेलं पत्त्याचं कार्ड, आणि वर, "कादर-सान, हमारे घर आना." आपणही दारात निरोप देताना 'या एकदा' म्हणतो. कोण येतंय? ह्या येड्यानं ते खरं धरलं आणि उभा जन्म तयारी केली.

"अच्छा हुवा तुमने बताया," तो वही मिटत म्हणाला. "मैं बाएँ खडा रैता तो? मेहमान होके पैलेच दिन गलती."

माझा राग गेला नाही. तो मी वाया जाऊ देत नसतो. फक्त कादरभाईवर काढता येईना.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला मॉलमध्ये नेलं. सरकत्या जिन्यावर तो उजवीकडं उभा, हात शिवणीला लावून. त्याचा पाय डावीकडं घसरायचा, सवयीनं. मी कोपरानं ढकलून परत उजवीकडं आणायचो. त्या नादात आम्ही दोघांनी जिना अडवला. मागून एक जण खेकसला, "ओ काका, सरका ना! जिना काय तुमच्या बापाचा हाय का?"

मी गर्रकन वळलो. "थांब जरा! ह्यांना ओसाकाला जायचंय!"