वाफ्यातला तिसरा मुळा

रविवार, सकाळचे दहा. साल सत्त्याण्णव, हिवाळा. स्थळ : इंदिरानगर, आमच्या घराची मागची बाजू. उपस्थित : मी, पत्नी मनीषा, इगतपुरीहून आलेला तिचा भाऊ निवृत्ती आणि भिंतीवर कोपरं टेकून उभे असलेले शेजारचे यादवराव (निमंत्रण नसताना).

वादाचा विषय : मुळ्याचा एक वाफा. आज घरचा मुळा निवृत्तीच्या ताटात पडला तर वाफा माझा. नाही तर तिथं मनीषाचा धुण्याचा दगड. ही अट मीच घातली होती. (मंत्र्यांना उलटे प्रश्न विचारण्यात आयुष्य गेलेलं, घरात जपून बोलायची सवय नाही.)

पेरणी मीच केली, पाणीही मीच घातलं. घात केला तो पेशानं. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. वर पाला छान डोलत होता. पण वरवर दिसतं त्यावर विश्वास ठेवणारा मी नव्हे. रोज सकाळी मी एकेक रोप उपटून बघायचो आणि परत मातीत खोचायचो.

"अहो, वाढू द्या की त्याला!" मनीषा ओरडायची.

"खातरजमा केल्याशिवाय मी काही छापत नाही."

"छापायचंय कशाला? कोशिंबीर करायचीय!"

तर त्या रविवारी निवृत्ती वाफ्यात उकिडवा बसला. पहिलं रोप उपटलं. खाली उंदराची शेपटी.

"दाजी, हा मुळा का मुळी?"

"किसणी राहू द्या वहिनी," यादवराव भिंतीवरून म्हणाले, "सुईदोरा आणा."

दुसरं रोप त्याहून बारीक निघालं. मनीषा दगड कुठल्या कोपऱ्यात बसवायचा ते पावलांनी मोजू लागली.

तिसरं मात्र हलेना. निवृत्तीनं दोन्ही हात लावले, जोर केला आणि हातभर लांब, पांढराशुभ्र, मनगटाएवढा मुळा बाहेर आला!

"आता बोला!" मी कडाडलो. "या घरात माणसाच्या शब्दाला किंमत नाही. शेजाऱ्यांना टिंगलीपलीकडे उद्योग नाही. पुरावा समोर आहे. माफी कोण मागतंय?"

यादवरावांनी भिंतीवरची कोपरं काढून घेतली. निवृत्ती मुळ्याची माती झटकत होता. पाल्यापाशी त्याचा हात थांबला.

"दाजी, सुतळी पण घरचीच का?"

बाजारात जुडीला बांधतात ती सुतळी. दोन वेढे, वर गाठ.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही!" (असं म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना मी जन्मभर हसत आलो.)

मनीषा माझ्या बाजूनं उभी राहिली. "नाही रे निवृत्ती, हे काम यांचं नाही. यांनी बाजारातून आणलेला मुळा इतका चांगला निघालाय कधी?"

मी निर्दोष सुटलो. सोमवारी दगड आला.

त्या तिघांनाही मी वेगवेगळं गाठून विचारलं. तो मुळा वाफ्यात कुणी लावला, याचा खुलासा आजतागायत झालेला नाही.